दोघांची गाडी

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात लाकडाची एकच वस्तू स्वतःच्या हातांनी केली, आणि तीही त्यांना दोनदा करावी लागली. चाकं तेवढी सुताराची. बाकी फळ्या, कठडा, मूठ सगळं त्यांचं. ते पानमळ्याचे माणूस. नाजूक वेल आधाराला बांधावा तर त्यांनीच, पण खिळा काही त्यांना सरळ ठोकता येत नव्हता. लेकरांच्या त्या गाडीचा एकेक खिळा वाकडा होता. पुढं माझ्या नातवंडांच्या वेळी मला शहरातल्या दुकानात गाडी निवडायला नेलं होतं. दोन लेकरांच्या, घडीच्या, छत्रीच्या कितीतरी गाड्या रांगेनं मांडल्या होत्या. त्या दुकानदाराला मी विचारलं, ही ओढ्यातून जाते का? तो हसला. मी म्हटलं, हसू नका, सांगा.

आमचा मळा नळदुर्गाच्या अलीकडं, बोरी नदीच्या काठी. राज्य निजामाचं होतं. तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती आणि त्यापायी आमच्याकडं रॉकेल आणि लोखंड दोन्ही दिसेनासं झालं होतं. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच, अप्पा म्हणजे सासरे, आमचे हे, आणि मी. विड्याची पानं खुडायची त्या दोघांनी, ती निवडून करंडीत रचायची मी. घरापासून मळा दीड मैल, मधे दोन ओढे, आणि शेवटची वाट बांधावरची, एका माणसापुरती. पानमळा म्हणजे देवाची जागा. चपला बाहेर काढायच्या, चामड्याची वस्तू आत न्यायची नाही. कमरेचा चामडी पट्टा घालून आलेला व्यापारीसुद्धा पट्टा कुडावर टांगून आत यायचा.

आणखी एक शिस्त होती, ती घरातली. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी. आता तीन माणसांच्या घरात हे चालायचं कसं? मधे कुणीतरी लागतं. हे घरी नसले की सुरुवातीला मी खांबाला सांगायची, "भाकरी वाढलीया." अप्पा खांबाकडं बघून म्हणायचे, "येतो म्हणावं." थोरला जन्मला आणि खांबाची सुटका झाली. "बाळा, आज्जाला सांग, व्यापारी येऊन गेला." बाळ तीन महिन्यांचं, मूठ चोखत पडलेलं. आज्जा तितक्याच गंभीरपणे बाळाला उत्तर देणार, "तुझ्या आईला सांग, कळलं म्हणावं." बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. त्या घरात मला चार वर्षं झाली होती आणि अप्पांनी माझ्याकडं तोंड करून एक शब्द उच्चारला नव्हता.

थोरला दीड वर्षाचा झाला आणि मला पुन्हा दिवस गेले. आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण लोहाऱ्याहून माझ्या नणंदेचा निरोप आला होता. तिला आम्ही आक्का म्हणायचो. लग्नाला दहा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. आई गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. तिचा निरोप सरळ होता. दोन लेकरं आणि मळा, एकटीला कसं जमणार? बाळंतिणीचा सव्वा महिना झाला की ती मळ्याला लागेल. तेव्हा मी येते आणि थोरल्याला घेऊन जाते, चार वर्षं राहू दे माझ्याजवळ.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरोघरी तसंच होतं, पाठचं झालं की पुढचं कुणाकडं तरी जायचं. पण माझ्या माहेरी मी एक बघितलं होतं. माझ्या चुलतभावाला असाच मामाकडं ठेवला होता. सात वर्षांनी घरी आला तेव्हा तो स्वतःच्या आईला काकू म्हणायचा. ती चुलीमागं बसून रडायची आणि तो दारात उभा राहून विचारायचा, काकूला काय झालं? आक्का पुढं माझ्या सगळ्यात जवळची बाई झाली, हे मी आधीच सांगून ठेवते. पण त्या वर्षी तिचं नाव निघालं की मी थोरल्याला उचलून कडेवर घ्यायची.

ह्यांना आक्काचा शब्द मोडवेना आणि माझं तोंडही बघवेना. शेवटी म्हणाले, "दोघांस्नी मळ्यात न्यायची सोय निघाली तर मी सांगतो आक्काला. पर सोय निघाय पायजे." कडेवर एक, डोक्यावर पाटीत एक, असं नेणाऱ्या बाया होत्या. पण माझ्या डोक्यावर भाकरीची टोपली आणि पाण्याची घागर असायची, आणि थोरला दोन ओढ्यांपैकी पहिल्यातच फतकल मारून बसायचा.

एके दिवशी अप्पा ओट्यावर बसून वेल बांधायचा लव्हाळा भिजवत होते. मी थोरल्याला त्यांच्यासमोर उभं केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "बाळा, आज्जाला सांग, मला आत्याकडं जायचं न्हाय. आई दोघांस्नी नेईल म्हणावं मळ्यात. कशात बी नेईल." अप्पांनी मान वर केली नाही. "तुझ्या आईला सांग" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. मला असा संताप आला! खांब तरी बरा, तो निदान ऐकल्यासारखा उभा राहतो, असं मनात म्हणत मी आत गेले आणि भांडी आपटली.

ह्यांनी पहिली सोय काढली ती कावडीची. एका पारड्यात थोरला, दुसऱ्यात लहानग्याच्या जागी भोपळा. आता पोटातल्या जिवासाठी आमच्याकडं आधीपासून काही करत नाहीत. सुतळीचा तोडासुद्धा आणायचा नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, एखादी वस्तू येणाऱ्यासाठी आहे असं म्हणायचंसुद्धा नाही. म्हणून भोपळ्याला भोपळाच म्हणायचं होतं. पण थोरला भोपळ्याच्या दुप्पट, त्यामुळं कावड त्याच्याकडं झुकली. मग भोपळ्यात दगड टाकला. हे दहा पावलं झोकात चालले, वळले, थोरला खिदळला आणि भोपळा उंबऱ्यावर आपटून फुटला. शेजारच्या बाया बघायला जमल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. भोपळा कुणाच्या जागी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात अप्पा उठले, फोडी गोळा केल्या आणि थोरल्याला म्हणाले, "दिष्ट निघाली, बेस झालं. आईला सांग, भाजी कर." बाया हसत हसत घरी गेल्या. भाजी मी केली, आणि अप्पांनी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर हे पानं घेऊन नळदुर्गाला गेले आणि तिथून पळतच आल्यासारखे आले. डाक बंगल्यात कुणी मोठे अंमलदार उतरले होते. त्यांच्या बाईची बाबागाडी ह्यांनी बघितली होती. काळीभोर, सायकलीसारखी चाकं, वर टप. आणि सोलापुरात म्हणे दोन लेकरांचीही मिळते. ह्यांच्या डोळ्यांत ती गाडी नुसती फिरत होती. मी तर मनातल्या मनात तिच्यात दोघांना बसवूनही टाकलं. अप्पा जेवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिचं पट्टं कशाचं?"

"चामड्याचं," हे म्हणाले. "टप बी."

"मग लेकरांस्नी कुडाला टांगावं लागंल, व्यापाऱ्याच्या पट्ट्यासारखं."

झालं, गाडीचा विषय संपला. आयुष्यभर पानमळ्यात राबलेल्या माणसाला चामडं आठवलं नाही, यावर हे दोन दिवस स्वतःवरच चिडून होते. मी अप्पांवर चिडले होते. नाही म्हणायला एक वाक्य लागतं, मला वाटलं, हो म्हणायला अप्पांना तोंड नाही.

पण मला काय ठाऊक! चार दिवसांनी अप्पा चुन्याच्या निमित्तानं नळदुर्गाला गेले होते. तिथं काय झालं ते खूप नंतर डाक बंगल्याच्या माळ्याकडून कळलं. एक पटकेवाला म्हातारा कुंपणाबाहेर येऊन उभा राहिला, चपला काढून. आया बाळाला फिरवत होती, तिच्या मागं मागं कुंपणाच्या बाहेरून तोही फिरला. मग त्यानं विचारलं, "बाई, लेकराचं तोंड तुमच्याकडं का केलंय? पुढचं बघू द्या की त्येला." आया म्हणाली, "आगे का देखके क्या करेगा, बाबा? माँ नै दिखी तो रोता." म्हाताऱ्यानं कुंपणाबाहेरूनच काठी गाडीच्या रोखानं धरून माप घेतलं. मग हातातल्या काठीवर नखानं दोन खुणा केल्या आणि गेला. अप्पा कुणाच्या दारात कधी पाच मिनिटं उभे राहणारे नव्हते, म्हणून ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही. पण ती काठी मी बघितली होती. तिच्यावर दोन खुणा होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या गोठ्यात फळ्या घासायला लागले. गावच्या सुताराकडून दोन लाकडी चाकं आणली. धावेला लोखंड मिळत नव्हतं म्हणून चाकांवर अंबाडीचा दोर आवळून बसवला. जो तो विचारायचा, अप्पा, काय चाललंय? त्यांचं उत्तर ठरलेलं, "पानाच्या दोन करंड्या ठेवाय गाडी करतोय." लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला हौस आलीय. हेही तेच म्हणायचे.

मी गोठ्यात शेण काढायला जायची तेव्हा हळूच बघायची. लांबोडकं खोकं होतं. मधे एक आडवी फळी, खोक्याचे दोन भाग करणारी. पुढचा भाग सपाट, आडवं ठेवण्याजोगा. मागचा भाग मुठीकडचा, त्यात थोडी उतरती बैठक, आणि पाठ मधल्या फळीला टेकेल अशी. त्या मागच्या भागाला बोटभर जाडीचा कठडा. एके दिवशी मी कठड्यावरून हात फिरवला. कुठं कुसळ लागलं नाही. शेजारी बाटलीची फुटकी काच पडली होती. काचेनं घासघासून त्यांनी तो कठडा गुळगुळीत केला होता. पानांना धरायला कठडा कशाला लागतो?

तेव्हा मला सगळं उमगलं. बोलता येत नव्हतं म्हणून ते बोलले नव्हते. येणाऱ्याचं नाव काढायचं नाही, सुनेशी बोलायचं नाही, आणि लेकीचा निरोप तर घरात येऊन बसलेला. म्हणून त्यांनी करवत हातात घेतली होती. मी कुणाला काही सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर आमच्या लोकांच्या हिशेबी ते येणाऱ्या जिवाला बाधलं असतं. आणि माझ्या त्या गप्प राहण्यानंच पुढचा घोळ झाला.

नववा महिना लागला होता. अप्पा मळ्यात होते. ह्यांनी वडिलांना मदत करावी म्हणून पानांची मोठी करंडी गाडीत ठेवून बघितली. ती मावेना. आडवी फळी मधे येत होती. मी विहिरीवरून आले तोवर ह्यांनी फळी कापून काढली होती, कठड्याचे दोन तुकडे करून चुलीपाशी ठेवले होते, आणि करंडी गाडीत ऐटीत बसवली होती. म्हणाले, "बघ, आता कशी बसली!" मी घागर खाली ठेवली आणि ते तुकडे चुलीपासून लांब सरकवले.

अप्पा आले. त्यांना राग आला की ते कानडीत बोलायचे, आणि मग गल्लीतली कुत्रीसुद्धा लांब जायची. मी वाट बघत होते. ते गाडीपाशी गेले. करंडीकडं बघितलं, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

हे म्हणाले, "पानाचीच हाय न्हवं? म्हणून म्या जागा केली."

"व्हय," अप्पा म्हणाले. "पानाचीच हाय."

बस, एवढंच. एक कानडी शब्द नाही. दुसरा कुणी असता तर बोलून मोकळा झाला असता. जे सांगता येत नाही त्याच्यासाठी पोराला बोल लावायचा नाही, हे त्यांनी त्या एका श्वासात ठरवून टाकलं. त्या दिवशी मला माझ्या सासऱ्यांविषयी जे वाटलं ते मला माझ्या जन्मदात्या बापाविषयीही कधी वाटलं नव्हतं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सकाळी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. फळी शिल्लक नव्हती. संध्याकाळी मी ताट वाढलं तर त्यांचा जेवायचा पाट जागेवर नव्हता. अप्पा पोतं अंथरून बसले आणि थोरल्याला म्हणाले, "आईला सांग, वाढ म्हणावं." पाट गाडीत गेला होता, मधली फळी होऊन. तेव्हापासून शेवटपर्यंत ते पोत्यावरच बसून जेवले.

त्याच आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. सुईण पाठ चोळत होती, मी ओरडत होते, आणि गोठ्याकडून काच लाकडावर घासल्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. उन्हं कलता कलता मुलगी झाली. तेवढ्यापुरता तो आवाज थांबला होता.

सव्वा महिना पुरा होईतो गाडी कुणासाठी हे कुणाला सांगायचं नव्हतं, तेही बाधतं म्हणत. तो पुरा व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आक्का बैलगाडीतून आली. गाडीत तिनं कडब्यावर गोधडीची जाड बैठक केली होती, लेकराला धक्के बसू नयेत म्हणून. थोरल्यासाठी तिनं स्वतः शिवलेलं लाल अंगडं आणि टोपी आणली होती. तिनं धाकटीचे मुके घेतले, माझ्या पायांना तेल लावलं, थोरल्याला मांडीवर घेऊन भरवलं. त्यानंही तिच्याकडून मुकाट्यानं खाल्लं. ती वाईट वागली असती तर मला भांडता आलं असतं. हे तिच्यासमोर बसून जमिनीवर रेघोट्या मारत होते. सोय सापडली असं सांगायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं, कारण ती गाडी अजून त्यांच्या लेखी पानाचीच होती.

सकाळी आक्कानं थोरल्याला न्हाऊ घातलं. तिची बैलं जुंपून तयार होती. तेवढ्यात गोठ्याकडून कुरकुर ऐकू आली. अप्पा स्वतः गाडी ढकलत अंगणात आले. आमच्या गावात तोवर कुणी पुरुषानं लेकरांची गाडी ढकललेली नव्हती. कुडावरून दोन-चार डोकी वर आली. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं नाही. त्यांनी आत जाऊन धाकटीला दुपट्यासकट उचललं आणि पुढच्या भागात निजवलं, वर सुती फडक्याचा टप ओढला. मग आक्कासमोर आले आणि तिच्या कडेवरच्या थोरल्याकडं हात पसरले.

"अप्पा?" ती म्हणाली.

"आक्का, ही गाडी म्या दोघांची केलीया."

ह्यांनी गाडीकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, कठड्याकडं बघितलं, आणि मटकन खाली बसले. आपण काय कापलं होतं ते त्यांना तेव्हा कळलं.

आक्का पुढं झाली. तिनं कठड्यावरून हात फिरवला, जसा मी फिरवला होता. तिलाही कुसळ लागलं नसणार. वाकडे खिळे तिला दिसले. आपल्या बापाला खिळा ठोकता येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मला आधी सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी आलेच नसते."

"यायचं. दर साली यायचं," अप्पा म्हणाले. "पर न्यायला यायचं न्हाय."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं लाल अंगडं काढलं, थोरल्याला घातलं, टोपीचे बंद हनुवटीखाली बांधले, आणि स्वतःच्या हातांनी त्याला मागच्या भागात बसवलं, माझ्याकडं तोंड करून. त्यानं लगेच कठडा धरला. मग ती वेशीपर्यंत आमच्यासोबत चालत आली. वेशीपाशी तिची बैलगाडी लोहाऱ्याच्या वाटेला वळली. मला हायसं वाटत होतं आणि तिच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं.

पहिल्या ओढ्यात अप्पांनी गाडीला पुढून दोर बांधला. ते ओढत होते, मी ढकलत होते. हे भाकरीची टोपली घेऊन मागं राहिले होते. दोराच्या चाकांना पाणी लागलं, ती फुगली आणि वाळूत रुतली नाहीत. चढावर गाडी कलली, पण थोरल्याचं वजन बरोबर चाकांवर येत होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, मी त्याच्याकडं. धाकटी हलली नाही. वर पोचलो तोवर डुलत डुलत थोरल्याचाही डोळा लागला होता, कठड्यावरची मूठ तशीच.

अप्पा थांबले. माझ्याकडं पाठ होती. दोर खांद्यावर होता. मग म्हणाले, "पोरी, दोघं नीट हायती न्हवं?"

आजूबाजूला खांब नव्हता. थोरला झोपला होता. मधे घालायला कुणी नव्हतं.

"व्हय, अप्पा," मी म्हणाले. "दोघं हायती."

त्यांनी मान हलवली. पटक्याच्या शेवटानं तोंड पुसलं आणि दोर पुन्हा ताणला. ओढ्यापलीकडं, लोहाऱ्याच्या वाटेवर, त्यांच्या लेकीची गाडी अजून दिसत होती, आणि तिच्यातली गोधडीची बैठक रिकामी होती.